डाव्या हातानं भरलेला चुडा

आये, माझा अंगठा दुखतोय. उजव्या हाताचा. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, "कशानं गो?" आणि मी म्हटलं असतं मोबाइलनं, तर तुला काही कळलं नसतं. तुझ्या वेळी फोन म्हणजे धसईच्या बाजारात एका दुकानाच्या फळीवर ठेवलेलं जड काळं यंत्र. त्याच्यावर बोलायला तोंड लागायचं, अंगठा कशाला लागतोय? आता तोंड कमी लागतं आणि अंगठाच जास्त लागतो. हे सगळंसुद्धा मी लिहीत नाहीये, बोलतेय. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की अंगठ्यानं काही टिपायचं नाही, फोन समोर ठेवून बोला, तो आपोआप लिहील. म्हणून दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना फोन काचेच्या कपाटावर उभा ठेवलाय आणि तुझ्याशी बोलतेय. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा बोललेलंच बरं.

तू डोक्यावर टोपली घेऊन डोळखांबच्या पाड्यांपर्यंत बांगड्या भरायला चालत जायचीस. मी शहापुरात दुकान मांडून बसलेय, डोक्यावर पंखा आहे, चालायचं काही कामच नाही. बायका घरबसल्या आपल्या हाताचे फोटो पाठवतात, साडीचे फोटो पाठवतात, "याच्यावर जाईल अशी हाय का हो मावशी?" मग मी बांगड्यांचे फोटो काढते, पाठवते, भाव सांगते, पुन्हा दुसऱ्या रंगाचा पाठवते. सगळं एका अंगठ्यावर. इथपर्यंत धंदा झाला. पण आये, खरं सांगायचं तर सगळा दोष धंद्याचा नाही. दुपारी जेवून आडवी झाले की फोन हातात, आणि अंगठा आपला खालून वर, खालून वर. कुणी कारल्याची भाजी करतंय, कुणाची शेळी नाचतेय, कुणी बाई पन्नास तऱ्हांनी साडी नेसून दाखवतेय. बघून झालं की विचारलं काय बघितलं, तर एक आठवत नाही. तुझा जावई म्हणायचा, "तू फोन बघतेस का फोनला चुचकारतेस?" मी म्हणायचे, तुम्ही तुमच्या तारा बघा. वायरमन माणूस तो, त्याला काय कळतंय, असं मला वाटायचं.

गंमत म्हणजे हातांतला फरक मला आधीपासून कळत होता, फक्त तो दुसऱ्यांच्या हातांत. तूच शिकवलंस ना, की बाई बोलायच्या आधी तिचा हात बोलतो. पूर्वी मांडीवर हात आला की कळायचं, ही विळा धरते, ही पाणी ओढते, हिचा नुकताच बाळंतपणाचा सुजलेला हात आहे. आता शिकलेल्या पोरींचे हात येतात, मऊ मऊ, नखं रंगवलेली. पण अंगठा आत वळवायला गेलं की मुळाशी ताठ, बिजागरीला गंज चढल्यासारखा. करंगळीवर आतल्या बाजूला खळगा पडलेला, फोन तिच्यावर टेकवून टेकवून. एकीला मी म्हटलंसुद्धा, "बाय माझे, करंगळी म्हंजे काय फळी हाय का फोन ठेवायला?" ती हसली. आणि दुसऱ्या हातानं फोनच बघत होती. मी तिला शहाणपणा शिकवला आणि ती गेल्यावर माझाच फोन उचलला.

माझा अंगठा आधी सकाळी सकाळी बोलायला लागला. भाकरी थापताना मनगटाच्या बाजूनं कळ जायची. मग ओला टॉवेल पिळता येईना. दुधाचं पातेलं एका हातानं उचललं आणि अर्धं दूध ओट्यावर. तरी मी म्हणतेय, वारं धरलं असेल, उशाखाली हात आला असेल. मग एक दिवस दुकानात एका बाईला दाखवायला लाल बांगड्यांची अख्खी लड उचलली आणि हातातून अशी सुटली की विचारू नको. खळ्ळकन सगळ्या फरशीवर. ती बाई बिचारी "अगोबाई" म्हणून दोन पावलं मागं सरली. मी खाली बसून काचा वेचतेय आणि वेचताही येत नाहीयेत, कारण चिमूट धरायला अंगठाच लागतो. तेव्हा मात्र मला रडू आलं, आये.

मग पोरीनं मला डॉक्टरकडं नेलं. तुझी नात. तू गेलीस तेव्हा ती पोटातही नव्हती, आणि आता मला हाताला धरून दवाखान्यात नेते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, अंगठा आत घ्या, वरून मूठ मिटा, आणि मनगट करंगळीच्या बाजूला वाकवा." मी वाकवलं आणि अशी किंचाळले की बाहेरचे पेशंट आत डोकावले. आणि लगेच मला हसू फुटलं. आये, अंगठा आत घ्यायचा आणि हात वाकवायचा! जन्मभर दुसऱ्या बायकांच्या हाताला मी तेच करत आले ना. बाईंनी समजावून सांगितलं की अंगठ्याकडं जाणारे दोर मनगटाजवळ एका नळीतून जातात, ती नळी सुजलीय, तेच तेच काम करून. विचारलं, "मोबाइल किती वेळ बघता?" मी म्हटलं, "थोडासा, कामापुरता." तर फोनमध्येच ते सगळं लिहून येतं म्हणे! पोरीनं काढून दाखवलं. घरभेदी कुठली. बाईंनी ते बघितलं आणि माझ्या तोंडाकडं न बघता अंगठ्याकडंच बघत राहिल्या. मग हाताला पट्टा दिला. मनगटापासून अंगठ्यापर्यंत, आत कडक पट्टी, त्यामुळे अंगठा आपला उभाच. शेकायचं, फोन दोन्ही हातांत धरायचा नाहीतर खाली ठेवायचा, आणि बांगड्या भरायच्या नाहीत. मी म्हटलं, "पण बाई, पोरीचं लग्न हाय." त्या म्हणाल्या, "मग लग्नात मिरवा. काम दुसऱ्याला करू द्या."

त्यांना काय माहीत. आपल्या घरात नवरीचा चुडा आईनं भरायचा. तुझा तुझ्या आईनं भरला, माझा तू भरलास. त्यात तुझी नि माझ्या पोरीची गाठभेट नाही. तुझा आवाज तिनं ऐकला नाही, तुझा एकुलता एक फोटो आहे तोही कुणाच्या तरी लग्नातला, अर्धा चेहरा पदराआड. तुझ्याकडून तिला द्यायला माझ्याजवळ एवढंच होतं, तुझ्या हातातून माझ्या हातात आलेलं हे काम. ते मीच तिच्या हातात घालायचं असं मी ती पाळण्यात होती तेव्हापासून ठरवलं होतं. आणि ऐन वेळी अंगठ्यानं मान टाकली. पोर म्हणाली, "आई, कुणालाही बोलव ना. बांगड्या त्या बांगड्या." मी तिच्याशी दोन दिवस धड बोलले नाही. मुरबाडच्या एका बांगडीवालीला सांगून ठेवलं, मांडवातल्या बाकीच्या बायकांचे हात तू भर. पण नवरीला हात लावायचा नाही, नवरी माझी.

मग मला तू आठवलीस. धसईच्या बाजारात, तांदळाच्या पोत्यांच्या कडेला, तरटावर तू आणि शेजारी मी. पहिल्यांदाच माझ्या मांडीवर एका बाईचा हात दिलास. मी घाईघाईत अंगठा दाबला आणि ती बाई कळवळली. तू सगळ्यांदेखत माझ्या मनगटावर चापट मारलीस. "हात हाय तो, वाळकं लाकूड नाय. आधी तिला इचार माहेर कुठला, पोरं किती. ती बोलाय लागली का हात सैल सुटतो, मग चढव." आणि खरंच, तू "तुमच्याकडं भाताची आवणी झाली का गो?" म्हणेपर्यंत बांगडी मनगटावर गेलेली असायची. पण मी सगळं उजव्या हातानंच करायचे. तुला ते बघवत नव्हतं. एक दिवस तू माझा उजवा हात तुझ्या पदराच्या टोकानं माझ्याच कमरेशी बांधून टाकलास. "आता डाव्यानं भर." मी रडले, माझ्या हातून तीन बांगड्या फुटल्या. फुटल्या म्हणायचं नाही, वाढल्या म्हणायचं, ते पण तू तेवढ्यात सुधारलंस. मी म्हटलं, "डाव्याची काय गरज हाय?" तर म्हणालीस, "उजवा दमला म्हंजे काय दुकान बंद करशील?" लग्नसराई आली की तुझाच अंगठा सुजायचा, ते मी बघत होते. मग संध्याकाळी चुलीपाशी निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून तू अंगठ्याला बांधायचीस. त्या पाल्याचा उग्र वास, त्यात तव्यावरच्या भाकरीचा वास. एका हातानं तू भाकरी उलटायचीस, डाव्या हातानं, आणि मी बघत बसायचे. तेव्हा मला वाटायचं, आयेला दोन्ही हात सारखेच येतात. तुझा अंगठा कामानं दुखायचा आणि माझा शेळ्यांचा नाच बघून दुखतो, एवढाच काय तो फरक. हस, हस.

झालं, मी डाव्या हाताची तालीम सुरू केली. पण तालमीला हात कुणाचा आणायचा? तुझ्या जावयानं आपला हात पुढं केला. म्हणाला, "घे. एवढी वर्षं संसार केला, आता चुडा तेवढा राह्यला." दारं लावून घेतली हो आम्ही, शेजारीपाजारी बघितलं तर गावभर होईल म्हणून. त्याचा हात म्हणजे फावडं. सगळ्यात मोठ्या मापाच्या बांगड्या काढल्या तरी पहिल्या दिवशी ढीगभर वाढल्या, त्याच्या मनगटावर ओरखडे आले. दुसऱ्या दिवशी कामावर त्याला कुणी विचारलं तर सांगितलं की मांजरानं बोचकारलं. हळूहळू माझा डावा हात आठवू लागला. हातांना आठवतं, आये. अंगठा तळव्यात कसा निजवायचा, दाब कुठं द्यायचा, बांगडी कुठं थोडी फिरवायची. एका संध्याकाळी त्याच्या त्या राकट हातात हिरवी बांगडी न दुखवता गेली आणि आम्ही दोघं पोरांसारखे हसलो. तो म्हणाला, "आता ही काढू नको, राहू दे." मी म्हटलं, वायरमन, शहाणपणा पुरे.

माझा चुडा तू भरलास तो दिवस मला सारखा आठवत होता. अंगणात मांडव, बायका दाटीवाटीनं बसलेल्या, माझा हात तुझ्या मांडीवर. त्या दिवशी तू मला माहेर कुठलं ते विचारू शकत नव्हतीस, मग काय बोलणार? दुसरा हात होत आला आणि तुला एकदम खोकला आला. ठसकाच लागला. "पाणी द्या गो कुणीतरी," असं सगळ्या ओरडल्या. तू पदर तोंडाला लावलास, पाणी प्यालीस, डोळे पुसलेस आणि म्हणालीस, "झाला चुडा." आपल्याकडं एका हातात एक बांगडी जास्त भरतात. माझ्या दोन्ही हातांत सारख्याच होत्या. ते मला सासरी आल्यावर कळलं, कारण चुलतसासूबाईंनी माझे दोन्ही हात धरून मोजल्या. म्हणाल्या, "अशा का गो सारख्या?" मी ताठ मानेनं सांगितलं, "आमच्याकडं असंच असतं." पहिल्या सणाला माहेरी आले तेव्हा तुला विचारलं, "आये, मोजायला चुकलीस का?" तू चुलीतलं लाकूड पुढं सारलंस आणि म्हणालीस, "हात भरल्याशी काम. सुखात हाय ना?" मी म्हटलं, हाय. मग विषय संपला.

चुड्याच्या दिवशी धसईहून, मुरबाडहून सगळ्या आल्या. अंगणात मुरबाडची बांगडीवाली बायकांचे हात भरत होती, आत ओटीवर मी आणि पोर. माझा उजवा हात पट्ट्यात, अंगठा उभा, सगळ्यांना शाबास म्हणतेय असा. बायकांनी थट्टा केलीच. पोरीचा डावा हात सहज भरला गेला. मग तिचा उजवा हात मांडीवर घेतला, अंगठा आत निजवला आणि ती ओरडली, "आई गं!" तीच कळ, तीच जागा. मी ओळखलं.

"कधीपासून दुखतंय?"

"होतील चार-पाच महिने." ती गोदामाच्या हपिसात आहे, आलेल्या गेलेल्या प्रत्येक खोक्याची नोंद दिवसभर मोबाइलवर करते. "डॉक्टरीणबाई तुला सांगत होत्या ना, तेव्हा मला वाटत होतं माझंच सांगतायत."

"मग बोलली का नाय तेव्हाच?"

"तू माझा फोन काढून घेतला असतास."

"घेतलाच असता! घरभेदे, माझा तेवढा दाखवलास डॉक्टरला."

"तुझं दुखणं मोठं होतं गो आई," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसायला लागलो. पण भरणारीचा हात तसा, भरून घेणारीचा असा, आणि सगळ्या बायका वाट बघत बसलेल्या. कुणीतरी म्हणालंच, "बाहेरच्या बाईला बोलवा, तिचा हात हलका हाय." तेव्हा मला तुझं फडकं आठवलं. मी सासरी निघाले तेव्हा तू माझ्या पेटीत तुझ्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घातला होतास, "सुजलेल्या हातांना लागेल." मला तेव्हा राग आला होता, पोरीला लग्नात चिंधी देतात का? ते फडकं मी कपाटातून मागवलं. पोरीचा हात कोमट मीठपाण्यात ठेवायला लावला. मग ते फडकं तिच्या हातावर पसरलं, अंगठा वळवला नाहीच, नुसता तळव्याला टेकवला, आणि फडक्यावरून बांगडी सरकवत नेली. विचारलं, "तिकडं तुमच्या नव्या घराला मागं परसू हाय ना? काय लावशील?" ती म्हणाली, "निर्गुडी." आणि बांगडी मनगटावर. एक झाली, दुसरी झाली. मी आणि माझी पोर आणि तुझं लुगडं, एवढंच त्या ओटीवर होतं असं मला वाटलं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आणि शेवटची, ती जास्तीची बांगडी, माझ्या डाव्या हाताखाली पिचकली. बारीकसा आवाज झाला. नवरीच्या चुड्यात! अंगणात एवढ्या बायका, एकीच्या कानावर जरी गेलं असतं तरी जन्मभर बोलल्या असत्या. आणि आये, मला खोकला आला. खरा नाही. माझा मीच काढला, विचार न करता, जोरात. "पाणी द्या गो कुणीतरी," सगळ्या ओरडल्या. मी फडकं ओढून घेतलं, त्यातले तुकडे मुठीत घेतले आणि उजव्या हाताच्या पट्ट्यात सरकवले. पाणी प्याले. डोळे पुसले. म्हटलं, "झाला चुडा." हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि माझा हात तांब्यावरच राहिला. तुझा तो ठसका, तुझा तो तोंडाशी गेलेला पदर, तुझे ते डोळे पुसणं. सगळं माझ्यासमोर उभं राहिलं.

तुझ्या पदरात काय होतं ते मला आता कळलं, आये. इतकी वर्षं मला वाटत होतं तू मोजायला चुकलीस. पहिल्या सणाला मी घरी आले तेव्हा तू मला "सुखात हाय ना?" का विचारलंस, आणि मी हाय म्हटल्यावर तुझा जीव कसा भांड्यात पडला असेल, ते आता कळलं. मी सुखात होते गं. आहे. तुझा जावई अजून मांजराचीच गोष्ट सांगतो. संध्याकाळी शेकायला पट्टा सोडला तेव्हा आतून हिरव्या काचा पडल्या आणि मनगटावर एक बारीक चीर होती. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे काय झालं?" मी म्हटलं, "लग्नघर हाय, लागतं कुठंतरी." पोरीलाही तेव्हाच दाखवून आणलं. तिलाही पट्टा मिळालाय, नव्या चुड्याच्या खाली, आणि नोंदी करायला ती आता फोन टेबलावर ठेवते. सासरी निघताना तिला मी कानात सांगून ठेवलं, तिथं कुणी मोजल्या तर म्हणायचं, आमच्याकडं असंच असतं. का ते तिला सांगितलेलं नाही, फडक्यातले तुकडे तिलाही दिसले नव्हते. तिची पोरगी मोठी होईल तेव्हा तिचं तिला कळेल.

हे सगळं फोननं लिहून ठेवलंय. पाठवणार कुणाला? इथंच राहू दे. एक मात्र तुला सांगते, डॉक्टरीणबाईंना सांगू नकोस. पट्टा अजून काही दिवस काढायचा नव्हता. काल दुपारी मी तो काढला, लग्नाचे फोटो फोनवर उघडले आणि ह्याच अंगठ्यानं पोरीचे हात मोठे करकरून बघितले, एकेक फोटो, कुणाला फरक दिसतोय का म्हणून. दोन्ही हात भरलेले, सारखेच हिरवेगार. कुणालाच कळलेलं नाही, आये. तुझं तरी कुठं कळलं होतं?